आधी पाच जणांना शिकवा, मग रेकॉर्डिंगला बसा

प्रश्न

सप्रेम नमस्कार. मी गेली सात-आठ वर्षं फ्रीलान्स वेब डेव्हलपर म्हणून काम करते. छोट्या व्यावसायिकांना वेबसाइट बनवून देते. आता हेच काम ऑनलाइन कोर्स काढून शिकवावं असं मनात आहे. साठ व्हिडिओंचा आराखडा तयार आहे: 'इंटरनेट म्हणजे काय' इथपासून एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (त्याचं रूप), जावास्क्रिप्ट (पानातली हालचाल), तिच्यावर उभं असलेलं रिअ‍ॅक्ट, वर्डप्रेस (कोड न लिहिता साइट बनवायचं साधन), एसईओ (सर्चमध्ये साइट वर यावी म्हणून करायच्या गोष्टी), सगळं. पहिले नऊ व्हिडिओ रेकॉर्डही केले, पण आवाज आवडला नाही म्हणून पुसून टाकले. आता चांगला माइक आणि लाइट घ्यावा म्हणते, पण मध्येच धीर सुटतो. यूट्यूबवर हे सगळं फुकट मिळतं. एआयला सांगितलं तर ते मिनिटभरात साइट बनवून देतं. मग माझ्या कोर्सला पैसे कोण देणार? फी किती ठेवावी, कुठल्या प्लॅटफॉर्मवर टाकावा, सर्टिफिकेट द्यावं का, हेही कळत नाही. घरचे म्हणतात, चालू काम सोडून या फंदात पडू नकोस. मी काय करू?

— शिकवायची मनापासून इच्छा असलेली एक वेब डेव्हलपर

उत्तर

माइक आणि लाइटची खरेदी तूर्त थांबवा. साठ व्हिडिओंचा आराखडाही बाजूला ठेवून द्या. तुमच्या पत्रात काय शिकवायचं ते अगदी सविस्तर आलंय, पण कोणाला शिकवायचं याबद्दल एक ओळ नाही, आणि माझ्या मते तुमचा धीर सुटतो तो त्यामुळेच. कॅमेऱ्यापलीकडे कोण बसलंय हेच माहीत नसेल तर कुणालाही स्वतःचं बोलणं आवडत नाही. त्या नऊ व्हिडिओंची हळहळ करू नका.

वेबसाइट कधीच न बनवलेली पाच माणसं शोधा. ओळखीतली असोत, ओळखीच्यांच्या ओळखीतली असोत, पण 'आपली एक साइट हवी' ही त्यांची खरी गरज हवी. केवळ तुमचं मन राखायला बसणारी माणसं नकोत. त्यांना व्हिडिओ कॉलवर थेट शिकवा, एकेकाला किंवा दोघादोघांना. आणि एक गोष्ट उलटी करा. तुमची स्क्रीन त्यांना दाखवण्याऐवजी त्यांची स्क्रीन तुम्हाला दिसू द्या. माउस त्यांच्या हातात. तुम्ही सांगायचं, त्यांनी करायचं, आणि ते जिथे अडतील तिथे लगेच उत्तर न देता थोडं थांबून काय करतात ते बघायचं, वहीत टिपून ठेवायचं.

काय दिसेल ते सांगते. तुम्ही म्हणाल, एक नवी फाइल काढा, तिला 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' नाव द्या, आत दोन ओळी लिहा आणि डबल क्लिक करून ब्राउझरमध्ये उघडा. तुमच्या लेखी हे अर्ध्या मिनिटाचं काम. पाचातल्या एकीने डेस्कटॉपवर राइट क्लिक करून नवी टेक्स्ट फाइल काढलेली असेल आणि तिचं नाव बदललेलं असेल. डबल क्लिक केलं की ब्राउझर उघडत नाही, पुन्हा नोटपॅडच उघडतो आणि तिने लिहिलेला कोड तसाच्या तसा समोर येतो. विंडोज नेहमीच्या फाइलींची एक्स्टेन्शन्स, म्हणजे नावाच्या शेवटची 'डॉट टीएक्सटी'सारखी शेपटं, मुळात लपवून ठेवतं. त्यामुळे तिला दिसतंय 'इंडेक्स डॉट एचटीएमएल', पण फाइलचं खरं नाव झालंय 'इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी'. तिला वाटतं कोड चुकला. मग ती कंस पुसते, पुन्हा टाकते, तुमच्या ओळीशी अक्षर न् अक्षर ताडून बघते. कोड बरोबरच आहे, म्हणून तर चूक सापडत नाही. पंधरा-वीस मिनिटं अशी गेली की 'हे आपलं काम नव्हे' असं ती मनाशी ठरवून टाकते, आणि तुम्ही रेकॉर्ड केलेला कोर्स विकत असता तर ती नेमकी याच ठिकाणी तो कायमचा बंद करून गेली असती. तुम्हाला पत्ताही लागला नसता.

तुमच्या साठ व्हिडिओंत हे येणार नाही, कारण तुमच्या मशीनवर एक्स्टेन्शन्स दाखवण्याचं सेटिंग कित्येक वर्षांपासून चालू आहे. ते आपण कधी चालू केलं हेही तुम्हाला आठवत नसेल.

दुसरा एक जण फोटो लावेल. त्याच्या लॅपटॉपवर फोटो झकास दिसेल. साइट सर्व्हरवर चढवून फोनवर उघडली की फोटोच्या जागी तुटकं चिन्ह. फाइलचं नाव कॅपिटल अक्षरांत, कोडमधलं नाव स्मॉल अक्षरांत. विंडोजला हा फरक जाणवत नाही. बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. किंवा त्याने फोटोचा पत्ता थेट आपल्या सी ड्राइव्हचा दिला असेल, जो जगात दुसऱ्या कुणाच्या मशीनवर नाही. तिसरीचं पान लॅपटॉपवर उत्तम आणि फोनवर मुंगीएवढ्या अक्षरांत दिसेल, कारण पान स्क्रीनच्या रुंदीइतकं दाखव असं ब्राउझरला सांगणारी व्ह्यूपोर्टची एक ओळ राहिली आणि फोनच्या ब्राउझरने पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून आक्रसून दाखवलं. यातलं प्रत्येक दुखणं एका ओळीत बरं होतं. पण ती एक ओळ कुठली, हे नवख्याला शोधता येत नाही, कारण काय शोधायचं तेच त्याला माहीत नसतं.

पाच जणांबरोबरच्या त्या नोंदी म्हणजे तुमचा खरा अभ्यासक्रम. कोर्समध्ये काय हवं हे तुमच्या ज्ञानाच्या यादीवरून ठरवू नका, त्यांच्या अडण्याच्या जागांवरून ठरवा. त्या वहीतून जे धडे निघतील ते साठपेक्षा पुष्कळ कमी असतील, आणि त्यातले कित्येक तुमच्या आराखड्यात मुळात नसतील.

आता फुकटच्या प्रश्नाकडे येते. तुमची भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी बसली आहे. वेबसाइट कशी बनवायची ही माहिती पहिल्यापासूनच फुकट आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्रज्ञान कुणालाही विनामूल्य वापरता येईल असं जाहीर केलं. कुठल्याही पानाचा एचटीएमएल ब्राउझरमध्ये उघडून वाचता येतो, हे तर वेबच्या रचनेतच आहे. वेब फुकट शिकवणाऱ्या साइट्सपैकी डब्ल्यूथ्रीस्कूल्स १९९८ पासून आहे, फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचं एमडीएन २००५ पासून, फ्रीकोडकॅम्प २०१४ पासून. यातलं एमडीएन तर इतकं नेमकं आणि अद्ययावत आहे की त्यापेक्षा चांगला संदर्भ तुम्ही-मी लिहू शकणार नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी या ठिकाणांची ओळख करून द्या, लपवू नका. माहितीच्या बाबतीत त्यांच्याशी स्पर्धा करायची वेळच तुमच्यावर येत नाही.

कमतरता आहे ती शेवटपर्यंत पोचण्याची. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन कोर्सेसची आकडेवारी २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आली होती. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या सगळ्यांतून कोर्स पूर्ण करणारे जेमतेम तीन टक्के होते. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेने जाणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण ४६ टक्के होतं. पैसे भरले म्हणून माणूस टिकतो असा सरळ अर्थ यातून काढू नका, कारण ज्याचा निश्चय पक्का असतो तोच मुळात पैसे भरतो. मला त्यातला दुसरा भाग जास्त बोलका वाटतो: खिशातून पैसे घालूनही निम्म्याहून अधिक लोक वाटेत सुटले. आणि ते कोर्स जगातल्या नामांकित विद्यापीठांचे होते, शिकवण्यात खोट काढायला जागा नव्हती.

तेव्हा तुमच्याकडे लोक पैसे देतील ते एकाच गोष्टीसाठी. त्यांनी बनवलेलं पान कुणीतरी जाणतं माणूस उघडून बघेल, त्यात काय खटकतंय ते सांगेल आणि पुढच्या आठवड्यात ते दुरुस्त झालं का हे विचारेल. यूट्यूबचा व्हिडिओ कितीही सुंदर असला तरी तो विद्यार्थ्याचं पान बघत नाही. हे काम वेळखाऊ आहे, ते हजार जणांसाठी करता येत नाही, आणि म्हणूनच त्याला मोल आहे.

पान बघण्यातही फरक असतो. समजा, एका विद्यार्थ्याने पानावर सहा ठिकाणी एच-वन टॅग (मुख्य मथळ्याची खूण) वापरलाय, कारण त्याला मोठी अक्षरं हवी होती. 'एच-वन एकदाच वापरा, अक्षर मोठं करायला सीएसएस आहे' असं लिहून पाठवलंत तर तो दुरुस्ती करेल आणि विसरून जाईल. त्याऐवजी त्याला फोनमधला स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) चालू करायला सांगा, डोळे मिटायला सांगा, आणि फक्त मथळ्या-मथळ्यांवरून पुढे सरकत स्वतःचं पान ऐकायला सांगा. न दिसणारी माणसं बऱ्याचदा अशीच पानं वाचतात. सहाच्या सहा ओळी सारख्याच महत्त्वाच्या म्हणून कानावर पडल्या की मथळ्यांची उतरंड कशासाठी असते ते त्याला वेगळं सांगावं लागत नाही. असा एक अनुभव दिलात तर तो माणूस तुमचं नाव पाच जणांना सांगेल. आणि सुगम्यता (अपंग माणसांनाही साइट वापरता येणं) हा विषय 'अ‍ॅडव्हान्स्ड' म्हणून शेवटच्या धड्यात ढकलू नका, ही माझी कळकळीची विनंती. चित्रांना पर्यायी मजकूर, मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट, कीबोर्डवरून चालणारी बटणं: पहिल्या पानापासून हात तसाच वळला तर पुढे वेगळं शिकवावं लागत नाही.

आराखड्याबद्दल थोडं कडक बोलते. त्यात दोन वेगळे कोर्स एकमेकांत गुंतलेले आहेत. एक आहे स्वतःच्या कामासाठी साइट हवी असलेल्याचा. त्याला वर्डप्रेस किंवा तत्सम साधन, डोमेन (साइटचा पत्ता) म्हणजे काय, होस्टिंग (साइट ठेवायची जागा) कुठे, बॅकअप कसा, अपडेट का टाळू नयेत, एवढं आलं की त्याचं भागतं. दुसरा आहे या क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्याचा. त्याला एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट पक्कं हवं, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) हवं, दुसऱ्याचा कोड वाचता यायला हवा. दोघांना एकाच वर्गात बसवलंत तर पहिला रिअ‍ॅक्टपाशी कंटाळून जाईल आणि दुसरा वर्डप्रेसपाशी. तुम्ही इतकी वर्षं छोट्या व्यावसायिकांबरोबर काढली आहेत. त्यांचे प्रश्न, त्यांच्या घाई, 'लोगो जरा मोठा करा' पासून 'साइट बंद का पडली' पर्यंत सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे. पहिला कोर्स त्यांच्यासाठीच काढा. नोकरीवाल्यांचा नंतर बघता येईल, आणि नाही काढलात तरी काही बिघडत नाही.

'इंटरनेट म्हणजे काय' हा पहिला धडा काढून टाका. पहिल्याच बैठकीच्या शेवटी प्रत्येकाचं एक पान इंटरनेटवर दिसलं पाहिजे, मग त्यावर नाव आणि दोन ओळीच का असेनात. गिटहब पेजेससारख्या ठिकाणी ते फुकटात होतं. तो पत्ता स्वतःच्या फोनवर टाइप करून आपलं पान उघडलेलं बघितलं की माणूस घरच्यांना दाखवतो, आणि दुसऱ्या बैठकीला न चुकता येतो. डीएनएस, सर्व्हर, एचटीटीपी हे पडद्यामागचं सगळं त्यानंतर विचारलं जातं, आणि विचारल्यावर सांगितलेलं टिकतं.

आणखी एक भेद रेकॉर्डिंगच्या आधीच करून ठेवा: काय लवकर जुनं होतं आणि काय होत नाही. सर्नने २०१३ साली जगातली पहिली वेबसाइट तिच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभी केली. तिथली सुरुवातीच्या काळातली पानं आजच्या ब्राउझरमध्ये बिनतक्रार उघडतात. एचटीएमएलचा पाया असा टिकाऊ आहे. त्याच्या वरचे थर तसे नाहीत. पानाची आडव्या-उभ्या चौकटींत मांडणी करणारं सीएसएस ग्रिड मार्च २०१७ पासून मोठ्या ब्राउझरांमध्ये चालू लागलं. त्याआधीचे कोर्स दोन स्तंभ शेजारी आणायला 'फ्लोट' या जुन्या युक्तीची कसरत शिकवायचे, आणि आजही काही नवखे ते जुने व्हिडिओ बघून तीच कसरत करत बसतात. होस्टिंग कंपनीचा डॅशबोर्ड तर कधी बदलेल याचा नेम नाही. म्हणून टॅग, बॉक्स मॉडेल, लिंक, फॉर्म असं मूलभूत तेवढं व्हिडिओत ठेवा. 'इथे क्लिक करा, मग तिथे क्लिक करा' हा भाग चित्रांसह लेखी टिपणात ठेवा. टिपणातली एक ओळ बदलायला पाच मिनिटं लागतात, व्हिडिओ पुन्हा करायला अख्खी दुपार जाते.

व्हिडिओ करायची वेळ येईल तेव्हा तुमचा आवाज पुरेसा चांगला आहे असं धरून चाला. एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या प्लॅटफॉर्मवरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला होता. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक जास्त टिकून बघतात, आणि महागड्या स्टुडिओतल्या चित्रीकरणापेक्षा टेबलाशी बसून आपुलकीने बोललेलं जास्त धरून ठेवतं, असं त्यात दिसून आलं. शांत खोली आणि साधा इअरफोनचा माइक तुम्हाला सुरुवातीला पुरेल. पैसे वाचतील ते सबटायटल्स नीट करण्यावर घाला. आणि एडिटरमधली अक्षरं भरपूर मोठी करा, कारण बघणारा बहुधा फोनवर बघत असतो. तुमच्या मोठ्या मॉनिटरवर ठसठशीत दिसणारा सेमीकोलन त्याला दिसतच नाही.

कोड आधी लिहून ठेवून समजावू नका, बोलता बोलता लिहा. टाइप करताना तुमच्याकडून चूक झाली तर ती कापून टाकू नका. चूक कशी दिसते, तुम्ही आधी कुठे बघता, ब्राउझरमधली चुका शोधायची डेव्हलपर टूल्स कधी उघडता, हे विद्यार्थ्याला दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? प्रत्येक वेळी पान रिफ्रेश करण्याआधी विचारा: आता काय दिसेल? दोन सेकंद थांबा. उत्तर चुकलं तरी चालेल, अंदाज बांधलेला असला की पुढचं डोक्यात बसतं. गृहपाठालाही कोऱ्या फाइलपासून सुरुवात नको. कोडच्या ओळी उलटसुलट करून द्या आणि क्रम लावायला सांगा. प्रोग्रॅमिंग शिकवणारे २००६ पासून 'पार्सन्स प्रॉब्लेम' या नावाने हा प्रकार वापरत आलेत, आणि नवख्यांचा आत्मविश्वास त्याने फार लवकर वाढतो.

एआयबद्दल. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि तेव्हापासून 'आता वेबसाइट शिकायची गरजच काय' हा प्रश्न तुमच्यासारख्या प्रत्येकाला छळतोय. एआयला कोर्सच्या दाराबाहेर ठेवायचा प्रयत्न करू नका, विद्यार्थी तुमच्या नकळत वापरणारच. त्यापेक्षा त्याने बनवलेलं पान घेऊन एक अख्खी बैठक घ्या. त्या पानावर संपर्काचा सुरेख फॉर्म असेल. नाव, फोन, निरोप भरा, 'पाठवा' दाबा, हिरव्या पट्टीत 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू' असं उमटेल. मग विद्यार्थ्यांना विचारा, हा निरोप गेला कुठे? पुष्कळदा तो कुठेच गेलेला नसतो. पानात फक्त दर्शनी भाग आहे, निरोप घेणारा सर्व्हर जोडलेलाच नाही, आणि धन्यवादाची पट्टी जावास्क्रिप्टच्या दोन ओळींनी दाखवली आहे. एखाद्या व्यावसायिकाने अशी साइट चालू ठेवली तर महिनोन्‌महिने गिऱ्हाइकांचे निरोप हवेत विरतील आणि त्याला वाटेल, साइटचा काही उपयोग नाही. तसंच, एखाद्या सेवेची गुप्त 'की' (पासवर्डसारखी किल्ली) थेट पानाच्या कोडमध्ये लिहिलेली असेल तर ती पान उघडणाऱ्या कुणालाही वाचता येते. एआयने दिलेलं पान तपासता येणं, त्यातलं काय खोटं आहे ते ओळखता येणं आणि त्याला नेमकं काय दुरुस्त करायला सांगायचं हे कळणं, यासाठी पाया लागतो. तुम्ही तोच शिकवणार आहात. या बैठकीचा उल्लेख कोर्सच्या माहितीत ठळकपणे करा.

फीचं गणित मी आकड्यात सांगणार नाही, पण ते कसं मांडायचं ते सांगते. पहिल्या पाच जणांकडून काही घेऊ नका. त्यांचा वेळ आणि त्यांची स्क्रीन बघू देण्याची परवानगी हीच त्यांची फी. दुसरी बॅच दहा-बारा जणांची करा आणि तिला फी लावा. बैठकींचे तास, पानं तपासण्याचे तास, आणि रात्री-बेरात्री येणाऱ्या 'मॅडम, हे चालत नाहीये' ला उत्तर देण्याचे तास, तिन्ही मोजा. तिसरा आकडा लोक हमखास विसरतात आणि मग वैतागतात. तेवढ्या तासांत फ्रीलान्स काम करून जे मिळालं असतं त्याच्या फार खाली जाऊ नका. फी अगदी कमी ठेवलीत तर गर्दी जमेल आणि पानं तपासायला वेळ उरणार नाही, म्हणजे ज्यासाठी लोक आले तेच जाईल. फी परत कधी आणि किती मिळेल हे आधीच लेखी सांगा. आणि ते खोटे काउंटडाउन, 'शेवटच्या तीन जागा', ठळकपणे खोडलेल्या जुन्या किमती यांच्या वाटेला जाऊ नका. ज्याला तुम्ही पुढचे दोन महिने शिकवणार आहात त्याच्याशी पहिलंच बोलणं खोटं कशाला?

प्लॅटफॉर्मचं तर इतक्यात नावच नको. मोठ्या कोर्स-बाजारांत आयतं गिऱ्हाईक मिळतं हे खरं, पण तिथे किमती त्यांच्या सवलतींच्या तालावर चालतात आणि विद्यार्थ्याशी थेट नातं तुमच्या हाती राहत नाही. तुमच्या कोर्सचं बळच ते नातं आहे. शिवाय स्वतःचा प्लॅटफॉर्म बनवायला घ्यावा असा मोह तुम्हाला नक्की होईल, कारण तुम्हाला तो बनवता येतो. लॉगिन, डॅशबोर्ड, प्रोग्रेस बार यांत सहा महिने जातील आणि शिकवणं तसंच राहील. दुसऱ्या बॅचपर्यंत व्हिडिओ कॉल, एक सामायिक फोल्डर आणि एक ग्रुप यांवर सगळं निभतं. लागेल ते एक साधं पान: कोर्स कोणासाठी, शेवटी हातात काय असेल, काय शिकवणार नाही, आठवड्याला किती वेळ द्यावा लागेल, कुठला लॅपटॉप चालेल, फी आणि परतीचा नियम. 'काय शिकवणार नाही' हा भाग गाळू नका, चुकीचा माणूस आत येऊन निराश होण्यापेक्षा दारातूनच परत गेलेला बरा. नोकरीची हमी, कमाईचे आकडे, असलं काही त्या पानावर दिसता कामा नये. तुमच्या हातात नसलेल्या गोष्टीचं वचन देऊन लोकांची आयुष्यं अडकवणारे कोर्स मी पाहिले आहेत, आणि त्यात पोळलेली माणसं पुन्हा काही शिकायलाच घाबरतात.

सर्टिफिकेट हवं असेल त्याला द्या, पण त्याची जाहिरात नको. विद्यार्थ्याच्या हातात त्याच्या स्वतःच्या डोमेनवर चालू असलेली, फोनवर नीट उघडणारी, त्याला स्वतःला बदलता येणारी साइट असली की बस. डोमेन त्याच्याच नावावर घ्यायला लावा, तुमच्या खात्यात घेऊ नका. साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर डोमेन अडकल्याने अडचणीत आलेले ग्राहक तुम्हीही पाहिले असतील.

आणि घरचे म्हणतात ते ऐका, निदान सध्या. चालू काम सोडू नका. पाच जणांना शिकवायला आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पुरतात. शिवाय तुमचं फ्रीलान्स काम हाच तुमच्या उदाहरणांचा साठा आहे. ते थांबलं तर दोनेक वर्षांत तुम्ही जुनं शिकवू लागाल. पूर्ण वेळ यात उतरायचा विचार दुसरी फीवाली बॅच संपल्यावर करा, आणि तेव्हाही एकच गोष्ट बघा: तुम्ही न सांगता त्या बॅचमधल्या लोकांनी इतरांना तुमच्याकडे पाठवलं का. पाठवलं असेल तर तिसरी बॅच मोठी करा आणि मग खुशाल माइक घ्या. नसेल पाठवलं, तर त्यांनाच फोन करून विचारा की कुठल्या आठवड्यात मन उडालं. उत्तर टोचेल, पण पुढची बॅच त्यावरच सुधारेल.

आज करायचं काम छोटं आहे. ओळखीतल्या आठ-दहा जणांना निरोप पाठवा, त्यातले पाच मिळतील. शब्द सुचत नसतील तर हे घ्या: "मी वेबसाइट बनवायला शिकवणार आहे, अगदी पहिल्यापासून. त्याआधी पाच जणांबरोबर करून बघायचं आहे. फी नाही. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, सहा आठवडे. शेवटी तुमची स्वतःची साइट चालू असेल. अट एवढीच: बैठकीत तुमची स्क्रीन मला दिसू द्यायची आणि जिथे कळलं नाही तिथे 'कळलं' म्हणायचं नाही. येणार असाल तर तुम्हाला साइट कशासाठी हवी आहे ते दोन ओळींत लिहून पाठवा."